काशीला बिऱ्हाड करावे का?

मराठी घरातल्या सोडमुंजीत एक गमतीचा प्रसंग असतो. बटू पायात जोडे घालतो, हातात काठी आणि छत्री घेतो आणि 'मी काशीला चाललो' असे जाहीर करतो. चार पावले जातो न जातो तोच मामा आडवा येतो. 'जाऊ नकोस, माझी मुलगी देतो,' असे म्हणतो आणि बटू हसतहसत माघारी फिरतो. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या मराठी मुलगे काशीला निघाले आणि मांडवाच्या दारातूनच परतले. पुढे नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे उरली, की त्यांतल्या काहींच्या मनात ते अर्धवट राहिलेले प्रस्थान पुन्हा डोके वर काढते. या खेपेला अडवायला मामा नसतो. अडवायची ती बायकोने, आणि कधी कधी तिलाही वाटते, जाऊन तर पाहू!

विचार वेडगळ नाही. डोंबिवली, बोरिवली किंवा कोथरूडमधला फ्लॅट भाड्याने दिला तर त्या पैशात एखाद्या लहान शहरात ऐसपैस राहता येईल, हा हिशेब आता घरोघरी मांडला जातो. मुले बंगळुरूला नाहीतर परदेशात. लोकलच्या गर्दीत तीस-पस्तीस वर्षे गेलेली. मग कुणी नाशिक सुचवतो, कुणी कोल्हापूर, कुणी कोकणातले मूळ गाव. या यादीत काशीचे नाव आले, की मात्र घरातले वातावरण जरा बदलते. नाशिकला जाणारा माणूस राहायला जातो आणि काशीला जाणारा 'आता काय उरले' म्हणून जातो, अशी आपली जुनी समजूत. ती बाजूला ठेवून, रोज उठून भाजी आणण्याचे, बिल भरण्याचे, औषध आणण्याचे एक शहर म्हणून काशीकडे पाहिले तर काय दिसते?

मुळात ते लहान आहे का, इथूनच सुरुवात करावी लागते. २०११ च्या जनगणनेत आसपासची वस्ती धरून वाराणसीची लोकसंख्या चौदा लाखांच्या वर होती, म्हणजे जवळजवळ नाशिकएवढी. पुणे तेव्हा एकतीस लाखांवर होते आणि मुंबई सव्वा कोटीला टेकली होती. आकड्यांत काशी लहानच. पण त्या चौदा लाखांवर रोज यात्रेकरूंची भर पडते. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त परिसर खुला झाल्यापासून तर ही भर फारच वाढली. २०२५ च्या कुंभमेळ्यात प्रयागराजला स्नान करून लोक काशीकडे वळले तेव्हा गोदौलियाच्या आसपास पायी चालणेही मुश्कील झाले होते. दादरच्या पुलावरची गर्दी नको म्हणून जो काशीला जाईल, त्याने गोदौलिया ते दशाश्वमेध हा रस्ता एकदा श्रावणी सोमवारी चालून पाहावा.

रहिवाशाचा घाट

गोदौलिया चौकातून पूर्वेला वळले, की साड्यांची, रुद्राक्षांची, पितळी भांड्यांची दुकाने संपता संपता पायऱ्या लागतात आणि एकदम सगळे मोकळे होते. काशीचे चौऱ्याऐंशी घाट नदीच्या एकाच काठावर आहेत. समोरच्या तीरावर नुसती वाळू. त्यामुळे सूर्य उगवतो तो कुठल्याही इमारतीच्या आड न येता, थेट पाण्यावर. दशाश्वमेधावर बांबूच्या मोठमोठ्या छत्र्यांखाली घाटिये बसलेले असतात. त्यांच्या चौकीवर कपडे ठेवावेत, डुबकी मारावी, परत येऊन गंध लावून घ्यावे, आरशात पाहून भांग पाडावा, असा क्रम. दक्षिणेला लागूनच शीतला घाट आणि त्यापलीकडे अहिल्याबाई घाट. उत्तरेला थोड्या अंतरावर मानमंदिर, त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा.

परगावचा माणूस दशाश्वमेधाला ओळखतो तो संध्याकाळच्या आरतीमुळे. ओळीने मांडलेल्या चौरंगांवर उभे राहून तरुण पुजारी एका लयीत मोठमोठे दीप फिरवतात, शंख वाजतात, पाण्यात नावांची दाटी होते. आज दिसते ती आखीव आरती गेल्या तीसेक वर्षांतली आहे. ती पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. पण त्या गावात घर करून राहणाऱ्याला रोज पाहवेल असा तो सोहळा नव्हे. रहिवाशाचा घाट सकाळी सहाचा. नेहमीचा घाटिया, नेहमीची पायरी, परत येताना दशाश्वमेधच्या भाजीबाजारातून घेतलेली पालकाची जुडी आणि रस्त्यावरच्या कढईतली गरम कचोरी. हिवाळ्यात मातीच्या कुल्हडात 'मलइयो' मिळते, म्हणजे दुधाचा केशरी फेस. तो उन्हे तापली की विरतो, म्हणून सकाळीच खावा लागतो. आषाढात लंगडा आंबा येतो. हापूसच्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत, निदान काशीत तरी.

या एका सकाळीसाठी कुणी मुंबई सोडावी का? काहींना तेवढे पुरेसे वाटते. आपल्या आधी ज्यांनी हा प्रयोग केला, त्यांचे काय झाले हे मात्र पाहून घ्यावे. मराठी माणसाचे काशीतले बिऱ्हाड पाचशे वर्षांचे आहे.

आधी गेलेले

दशाश्वमेध या नावाचाच एक धागा विदर्भात निघतो. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले ही पुराणकथा सर्वांना ठाऊक असते. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक येथे सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात मात्र त्यांच्या आजोळच्या भारशिव घराण्याविषयी म्हटले आहे, की त्यांनी गंगेच्या पाण्याने अभिषेक करून घेतला आणि दहा अश्वमेध केले. इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी घाटाचे नाव या यज्ञांशी जोडले. तो तर्कच आहे, पण वऱ्हाडच्या वाचकाला सुखावणारा.

खात्रीचा इतिहास सुरू होतो सोळाव्या शतकात. पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट यांनी तीर्थयात्रेवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या पुढाकाराने विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले. नातू कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पुरा केला. कुठले व्रत कोणत्या दिवशी, याची वादावादी झाली की आजही पंचांगवाले त्याचा आधार शोधतात. दुसरे नातू नीलकंठभट्ट यांचा 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबई आणि उत्तर कोकणातल्या हिंदू वारसांच्या दाव्यांत प्रमाण मानला जाई. गिरगावातल्या भावाभावांच्या वाटण्या काशीत लिहिलेल्या पुस्तकावरून ठरत होत्या! याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. काशीत पिढ्या गेल्या तरी दख्खनशी नाते तुटलेले नव्हते.

पैठणचेच एकनाथ काशीला गेले ते वेगळ्या रीतीने. १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला त्यांनी तिथे एकनाथी भागवत पुरे केले. मराठीत असा ग्रंथ लिहिल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी डोळे वटारले आणि मग हत्तीवरून त्याची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. ग्रंथ झाला, नाथ पैठणला परतले. काशीत काम होते, बिऱ्हाड नव्हते.

पुढे अठरावे शतक हा मराठ्यांच्या काशीचा वैभवाचा काळ. दशाश्वमेधाची पक्की बांधणी पेशव्यांनी आणि अहिल्याबाई होळकरांनी केली. आजचे विश्वनाथ मंदिरही १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनीच बांधले. घाटावरून उत्तरेला चालत गेले तर मणिकर्णिकेपुढे शिंदे घाट, त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असा सारा आपल्याच माणसांचा शेजार लागतो. शिंदे घाटावर रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका अंगाला कललेले आहे. बायजाबाईंनी इतके जड बांधकाम केले, की नदीकाठाला ते पेलले नाही, असे सांगतात.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी वस्ती दाट होती. वाडे होते, वेदपाठशाळा होत्या, अन्नछत्रे होती. पण हे सगळे चालत होते कशावर? पुण्याहून, नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून येणाऱ्या दानावर आणि दक्षिणेवर. म्हणजे आजच्या भाषेत बाहेरून येणाऱ्या मनिऑर्डरीवर. पुण्यातली पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि या प्रवाहाचा मोठा झरा आटला. काशीतल्या मराठी मंडळींचे दोन गट पडतात ते तिथून.

एक गट उत्पन्न दुसरीकडचे आणि वास्तव्य काशीचे, असा. राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव यांनी इंग्रजांशी तह करून वर्षाला सात लाखांचे पेन्शन घेतले आणि काशीत राहिले. १८२४ मध्ये तिथेच वारले. राजघाट नव्हे, पण 'राजा घाट' म्हणून जो घाट आहे तो त्यांचा. दानधर्म मोठा, पण तो त्यांच्याबरोबर आला आणि पेन्शनबरोबर ओसरला. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पाही १८१८ नंतर काशीला गेले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांना तिथे मुलगी झाली आणि तिचे नाव मणिकर्णिका ठेवले. धनी वारल्यावर तांब्यांना काशीत ठेवणारे काही उरले नाही. मुलीला घेऊन ते ब्रह्मावर्ताला बाजीरावांकडे गेले आणि तिथून ती झाशीला. काशीत आता तिचे जन्मस्थान दाखवतात ते भदैनी भागात.

दुसरा गट त्या शहराचेच काम अंगावर घेणारा. बापूदेवशास्त्री १८४० नंतरच्या काळात काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवू लागले आणि जुन्या सिद्धांतांबरोबर युरोपीय गणितही त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवले. त्यांच्या नावाचे पंचांग काशीत घरोघरी गेले. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये काशीतच जन्मले. 'देशेर कथा' लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. पराडकर कलकत्त्याला वृत्तपत्रात शिकले, स्थानबद्धता भोगून परतले आणि १९२० मध्ये निघालेल्या 'आज' या दैनिकाच्या संपादनाचा भार त्यांनी वाहिला. हिंदी पत्रकारितेची भाषा घडवणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी वरचे आहे. चलनवाढीला हिंदीत 'मुद्रास्फीति' म्हणायला त्यांनी शिकवले, असे मानतात. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने हिंदी वाचकाच्या तोंडी शब्द घातले! १९५५ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचे पराडकर स्मृती भवन आजही काशीच्या पत्रकारांचे भेटण्याचे ठिकाण आहे.

आणि एक जण असा, की जो राहिला दोन-अडीच महिनेच. १९१६ च्या मार्चमध्ये विनायक नरहरी भावे इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. दुर्गाघाटावर राहायचे, अन्नछत्रात जेवायचे, एका शाळेत दोन रुपयांवर इंग्रजी शिकवायचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाची चर्चा अजून गावात होती. ती वाचून-ऐकून त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले आणि ७ जूनला ते अहमदाबादेत त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. काशीत ते जे शोधायला गेले होते ते दुसऱ्याच गावी आहे, हे त्यांना काशीत कळले.

या सगळ्यांकडे पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते. काशीने सामावून घेतले ते त्यांना, ज्यांना तिथे सकाळी उठून करायचे काही होते. नुसती विश्रांती घ्यायला आलेल्यांचे वाडे उरले, घाटांवर नावे उरली. निवृत्त होऊन काशीला जाऊ पाहणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी किंवा शाळेतल्या बाईंनी पेन्शनचा हिशेब मांडण्याआधी हा दुसरा हिशेब मांडायला हरकत नाही: दुपारी दोन ते सहा या वेळात करायचे काय? तिथल्या संगीत सभा, संस्कृतचे वर्ग, विद्यापीठातले भारत कला भवन, मुलांना शिकवणे, यांपैकी काही ज्याचे स्वतःचे आहे, त्याची दुपार जाईल. ज्याचे नाही, त्याला डोंबिवलीची कट्ट्यावरची मंडळी फार आठवतील.

पाठवलेल्या बायका

काशीवासाची एक बाजू आपल्या घरांत फारशी बोलली जात नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात कितीतरी मराठी घरांतल्या विधवा बायका 'काशीला गेल्या'. त्या गेल्या हे क्रियापद सोयीचे होते. पुष्कळ जणींना पाठवले होते. केशवपन झालेली, लाल आलवणातली आत्या किंवा धाकटी काकू घरात नको असे झाले, की कुणा यात्रेकरूच्या सोबतीने तिची रवानगी होई. महिन्याला चार रुपये येत, मग दोन येत, मग कधी येतच नसत. गल्लीतल्या एखाद्या वाड्याच्या जिन्याखालच्या खोलीत त्या राहत, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत, छत्रात जेवत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, त्याचे मोल काशीतल्या त्या खोल्यांशेजारी ठेवले की नीट कळते.

आता ते दिवस नाहीत. तरीही आईवडिलांनी गाव बदलायचे असे घरात ठरू लागले, की पहिला प्रश्न हाच विचारावा: ही कल्पना निघाली कुणाच्या तोंडून? आईवडिलांनी काढली असेल तर गोष्ट वेगळी. 'बाबा, तुम्हाला तिथे किती छान वाटेल' असे मुलाने किंवा सुनेने तिसऱ्यांदा म्हटले असेल, तर जरा थांबावे. नवराबायकोतही तेच. काशी नवऱ्याला हवी असते आणि तिथे गॅसचा नंबर लावणे, मोलकरीण शोधणे, गोडा मसाला संपला तर काय करायचे हे ठरवणे बायकोच्या वाट्याला येते. मुंबईत तिची भिशी असते, बहीण दोन स्टेशनांवर असते, भाजीवाल्याशी पंचवीस वर्षांचे भांडण असते. हे सारे सोडून जायचे तर ती तिची स्वतःची इच्छा हवी. नव्या गावी नवऱ्याला घाट मिळतो, तिला काय मिळणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले बरे.

घर, जिना आणि डॉक्टर

राहायचे कुठे, हा काशीतला अवघड प्रश्न. मनात असते ते घाटाजवळचे घर, म्हणजे 'पक्का महाल'. दगडी वाडे, मधला चौक, वरून निळ्या आकाशाचा तुकडा. प्रत्यक्षात त्या वाड्यांचे जिने उभे आणि अंधारे, पायऱ्या वीतभर उंच. गुडघे पन्नाशीत कुरकुरू लागलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरची गंगादर्शनाची खोली हे रोजचे प्रायश्चित्त ठरते. माकडांसाठी गच्चीला लोखंडी जाळी हवी. जुन्या वाड्याला वारस दहा आणि जुने भाडेकरू त्यांहून जास्त, त्यामुळे विकत घेताना कागदपत्रे जाणत्या वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय इसारही देऊ नये. नदीपासून दोनशे मीटरच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. दुरुस्तीलाही परवानगी लागते. गल्ल्या इतक्या अरुंद, की रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावर थांबते आणि माणसाला तिथपर्यंत उचलून न्यावे लागते.

मग सिगरा, महमूरगंज, सारनाथकडच्या नव्या वसाहती उरतात. लिफ्ट, पार्किंग, चोवीस तास पाणी. पण तिथून दशाश्वमेध गाठायला ई-रिक्षाने गर्दीच्या वेळी तासही जातो. मग घाटावर रोज जाणे होत नाही, आठवड्यातून एकदा होते, पुढे पाहुणे आले की होते. म्हणजे इतके करून माणूस पुन्हा उपनगरातच जाऊन पडतो! यात मधला मार्ग अस्सी-भदैनीकडचा. शहराच्या दक्षिण टोकाचा अस्सी घाट चालण्याच्या अंतरावर, रस्ता बरा आणि विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय जवळ. वय झालेल्या जोडप्याने दशाश्वमेधापेक्षा या भागाला पसंती द्यावी, हे उघड आहे.

औषधपाण्याच्या बाबतीत काशी पूर्वीची राहिलेली नाही. विद्यापीठाचे रुग्णालय मोठे आहे, पण तिथे पूर्व उत्तर प्रदेशाबरोबर बिहारचेही रुग्ण येतात, रांगा लांब असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये टाटा स्मारक केंद्राने विद्यापीठाच्या आवारात कर्करोग रुग्णालय सुरू केले. परळच्या टाटाबाहेर पदपथावर दिवस काढणाऱ्यांत त्या भागातले किती लोक असत, हे मुंबईकरांना सांगायला नको. तरीही ज्यांना महिन्यातून दोनदा विशिष्ट डॉक्टरकडे जावे लागते, त्यांनी तो डॉक्टर आणि ते शहर सोडू नये. चाळीस वर्षांचा फॅमिली डॉक्टर पार्सलने पाठवता येत नाही.

हवेचे म्हणाल तर मुंबईच्या माणसाला तिथे दोन नवे शत्रू भेटतात. वैशाख-ज्येष्ठात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि लू वाहते. दुपारी रस्ते ओस पडतात. डिसेंबर-जानेवारीत उलट. दाट धुके, दिवसेंदिवस सूर्य नाही, भिंती बर्फासारख्या. पुण्याची गुलाबी थंडी डोक्यात ठेवून एक शाल घेऊन गेलेल्याची फजिती होते. त्याच धुक्यात गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. मुलीच्या घरी बारसे असेल तर दोन दिवस हाताशी ठेवून निघावे. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस एका दिवसाहून अधिक वेळ घेते. विमान आहे, विमानतळ बाबतपूरला, गावाबाहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर. पण ऐनवेळचे तिकीट पेन्शनीच्या हिशेबात बसत नाही.

खर्च कमी होतो का? भाजी, दूध, रिक्षा, घरकामाची बाई, यांत फरक पडतो. जो वाचतो त्यातला बराचसा येण्याजाण्यात आणि पाहुण्यांत जातो. काशीत घर आहे म्हटल्यावर नात्यातले कोण येणार नाही? अस्थी घेऊन येणारेही आपल्याकडेच उतरतात. वर्षातून दोन-तीन वेळा तरी घरात सुतकी चेहऱ्याची माणसे मुक्कामाला असतात आणि त्यांच्यासाठी क्षेत्रोपाध्याय गाठणे, नाव ठरवणे, हे काम यजमानाकडे येते. हे सांभाळायची तयारी हवी.

भाषेची अडचण वाटत नाही, कारण हिंदी आपल्याला येते असे आपण समजतो. काशीतले लोक आपल्या 'मेरेको', 'तेरेको'ला मनातल्या मनात हसतात, पण 'आप' म्हणून आदराने बोलतात. सवड देतात. पानाच्या ठेल्यावर अर्धा तास गप्पा मारणे हा तिथे वेळेचा अपव्यय मानत नाहीत. मात्र एक गोष्ट पचवावी लागते. मुंबईत ज्यांना सहज 'परप्रांतीय' म्हटले जाते, त्यांच्या गावी आता परप्रांतीय आपण असतो. महानगरी एक्सप्रेस भरून येते ती रोजगारासाठी घर सोडलेल्या माणसांनी. त्याच डब्यात एखादे मराठी जोडपे विश्रांतीसाठी उलट्या दिशेने चाललेले असते. शेजारच्या बाकावरचा तरुण सुट्टी घेऊन आईला भेटायला चाललेला असतो. कुठे उतरायचे, किती पैसे द्यायचे, हे तोच त्यांना सांगतो.

मराठी कानांवर पडावी असे वाटले तर दुर्गाघाटाकडे जावे. जुनी घराणी पांगली, पुष्कळ वाडे विकले गेले, तरी काही घरे आहेत. गणपतीत तिथे आरत्या ऐकू येतात. त्यांच्या मराठीला हिंदीची लय आली आहे आणि ती ऐकताना आपल्याला जरा परके वाटते. त्यांनाही आपली मराठी तशीच वाटत असणार, इंग्रजीची लय असलेली.

म्हणून सगळे विकून सवरून निघण्याची घाई नको. मुंबईचे घर भाड्याने द्यावे, विकू नये. पहिल्या वर्षी कार्तिक ते फाल्गुन एखादी खोली घेऊन राहावे. देवदिवाळी दिसेल, मलइयो खाल्ली जाईल, मग धुकेही भेटेल. पण यावरून निर्णय करू नये, कारण हे दिवस तसे पाहुण्याचे. दुसऱ्या वर्षी मुद्दाम ज्येष्ठात जावे आणि भाद्रपदापर्यंत टिकून पाहावे. श्रावण-भाद्रपदात गंगा चढू लागते. एकेक पायरी पाण्याखाली जाते, घाटांना जोडणारी वाट बंद होते, नावा बांधून ठेवतात. धोक्याची खूण ७१.२६२ मीटरवर आहे. १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते आणि तो आकडा तिथले म्हातारे लोक तोंडपाठ सांगतात. पुराच्या दिवसांत दशाश्वमेधावर उभे राहायला जागा उरत नाही. आरती वर सरकते, कधी इमारतीच्या गच्चीवर होते. मणिकर्णिकेवर चिता गच्चीवर पेटतात. खालच्या गल्ल्यांत पाणी शिरते, भाजी महागते, डास होतात, आणि परगावचे कुणी फिरकत नाही. गाव गावकऱ्यांपुरते उरते.

मग आश्विनात पाणी उतरते आणि पायऱ्यांवर पुरुषभर गाळ राहतो. पंप लावून नदीचेच पाणी त्यावर मारतात आणि गाळ परत नदीत लोटतात. हे काम कित्येक दिवस चालते. वरची पायरी आधी उघडी पडते, मग तिच्या खालची. जेवढा दगड मोकळा झाला तेवढ्यावर घाटिया आपली चौकी टेकवतो, छत्री उघडतो आणि नेहमीचे गिऱ्हाईक आले का, ते पाहत बसतो.